फक्की

मैदानाच्या मधोमध जाते वॉर्डाची हद्द,
नेमकी माझ्या सेंटर लाइनवरून.
चुना मी मारतो.
हद्द कुणी मारली, ठाऊक नाही.

काल पक्षाचा पोरगा आला माझगावात,
टॅबवर क्लबांचे ठिपके घेऊन.
‘काका, हिरवी जर्सी कुठल्या गल्लीतली?
आणि निळी कुणाकडे जाते?’
म्हटलं, निळी जाते शेवंताबाईकडे, धुवायला,
दर सोमवारी.
तो हसला नाही. टिपून घेतलं त्यानं.

मागच्या निवडणुकीनंतर दिवे लागले
ते गोदीकडच्या अर्ध्यातच.
पलीकडच्या अर्ध्यानं म्हणे मतं दिली नव्हती.
तिथं सातनंतर आमचा इम्तियाझ
बॉल कानांनी अडवतो.
हाफटाइमला टीम बाजू बदलतात,
अंधार वाटून घ्यायची तेवढीच सोय.

उद्या शाळेत मतदान.
रांगांच्या रेघा आखायला मलाच बोलावलंय,
अर्धं पोतं उरलंय त्याच चुन्याचं.
इम्तियाझची खोली तीन नंबर, विल्टनची सात.
एरवी पास न बघता देतात एकमेकांना.

हात थरथरतो हल्ली.
रेघ जरा वाकडी गेली
तर कोण विचारणार आहे?