न मोजलेली हवा

फूलबागच्या सिग्नलला ती थरथरायची.
आरशातला मागचा टेम्पो थरथरायचा,
डॅशबोर्डवरच्या पार्किंगच्या पावत्या सरकत सरकत
माझ्या बाजूला यायच्या.
काटा आठशेवरून पाचशेवर, पाचशेवरून नऊशेवर,
नापास होणारा पोरगा उत्तर बदलत राहतो तसा.
उजव्या पायाचा अंगठा ॲक्सिलरेटरवर टेकवून
मी तिला जिवंत ठेवायचो
लाल दिव्याचे नव्वद सेकंद.

दोन हजार तीनची लान्सर, माझ्याकडे तिसऱ्या हाताने आलेली.
झांशी रोडच्या पोराने प्लग बदलले.
कंपूतल्या सरदारजीने इंजेक्टर धुतले, थ्रॉटल धुतलं,
शेवटी मलाही धुतलं: सहा हजार दोनशे.
हजीऱ्याला संगणक जोडला. संगणक म्हणाला,
दोष आढळला नाही.
हे वाक्य मी स्वतः एकतीस वर्षं लिहिलंय
एजी ऑफिसच्या हिरव्या शाईत.
ते कधी लिहितात, मला ठाऊक आहे.

मग बाथम.
गोला का मंदिरच्या पलीकडे, पत्र्याखाली, कानांवर मफलर.
बॉनेट उघडून त्याने दहा मिनिटं काहीच केलं नाही.
चहा प्यायला. ऐकलं.
लांब पेचकस एकेका इंजेक्टरवर टेकवून
मूठ कानाला लावली. चारही टकटकत होते.
पहिल्याची तार काढली, इंजिन खचलं.
तिसऱ्याची, चौथ्याची. खचलं.
दुसऱ्याची काढली.
काहीच नाही.
"मुंगीसाब, ये दो नंबरवाला तनखा लेता है, काम नहीं करता."
मी हसलो. असली माणसं मी खूप पकडली होती.

पण त्याने प्लग अदलून बदलून पाहिले,
आजारी तरी दुसराच.
म्हणजे खोट त्याची नव्हती.
माझं हसू तोंडातच राहिलं.
दतियाच्या कोषागारातला एक कारकून आठवला, चौऱ्याण्णव सालचा.
बिरथरे.
त्याच्यावर मी सव्वा पानाचा परिच्छेद लिहिला होता,
जेवणाच्या सुट्टीआधी.

"सकाळी आणा. रात्रभर गार पडलेली.
पंखा सुरू व्हायच्या आत बघायचं."

जानेवारी. धुक्यात समोरची भिंतही नाही.
बाथमने आधी नाकाने पेट्रोल हुंगून खात्री केली,
मग हनुमानासमोरची एक उदबत्ती उचलून आणली.
इंजिन सुरू. थरथर.
थ्रॉटलपाशी धूर सरळ वर.
ब्रेकच्या नळीपाशी सरळ.
दुसऱ्याच्या पोटाशी, मागच्या अंगाला,
करंगळीएवढ्या एका रबरी नळीजवळ
धूर वाकला,
बारीक झाला,
आत गेला.

सेन्सरसमोरून येते ती हवा मोजली जाते,
तेवढ्याच हवेपुरतं पेट्रोल मिळतं.
ही मागच्या दाराने यायची, नोंद न करता,
आणि दुसरा बिचारा फिकं मिश्रण पेटवायला
दर फेरीला नव्याने बसायचा.
मी जन्मभर बाहेर गेलेलं शोधलं.
आत शिरणारंही तोल घालवतं
हे आमच्या कुठल्याच नियमपुस्तकात नव्हतं.

नळी चाळीस, क्लिप वीस, मजुरी दीडशे.
सवयीने पावती मागितली.
विम्याच्या कॅलेंडरचा डिसेंबर फाडून
त्याने मागे लिहिलं:
हवा रोकी. २१०.
तारीख नाही, सही नाही. मी काही बोललो नाही.

परतताना फूलबाग. लाल.
अंगठा आपणहून आपल्या जागी गेला.
उचलायला थोडा वेळ लागला.
उचलला.
काही झालं नाही.
काटा आठशेवर, पावत्या जिथल्या तिथे.
एसी लावला तर किंचित हादरते अजून, ते वेगळं.

नव्वद सेकंद इतके लांब असतात हे माहीत नव्हतं.
रमाकांत नव्हे, रमाशंकर बिरथरे.
दतिया, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर.
असेल की नसेल.
मागच्या टेम्पोने हॉर्न दिला तेव्हा
दिवा केव्हाच हिरवा झाला होता.