फुटली, फोडली

ओसेनब्रिंक यांच्या पाचही कादंबऱ्या मी टाइप केल्या.
कासेल शहर, चौथा मजला, लिफ्ट नव्हती.
पहिली त्यांनी कोळशाच्या रेशनफॉर्मांच्या पाठीवर लिहिली होती;
शाई पलीकडून उमटायची, म्हणून अर्धी वाक्यं
कुणाच्या तरी कोळशाच्या हिशेबातून वेचून काढावी लागत.

तिच्यात सगळं आपोआप व्हायचं.
छप्पर पडलं. पूल तुटला. पत्रं जळली.
शेजारी एके दिवशी नव्हते.
समीक्षकांना ती शांतता फार आवडली.
बक्षीस आलं, त्यातून मला नवं मशीन,
ज्याची रिबन पहिल्या दिवसापासून सुरकुतायची.

मी टाइप करणारी बाई, मला काय कळतं?
पण क्रियापदाचं वजन बोटांना कळतं.
दुसऱ्या पुस्तकात बटणांच्या दुकानाची काच फुटली.
तिसऱ्यात पुन्हा तीच काच फुटली.
चौथ्यात, एका मुलाच्या स्वप्नात.
दुकान लिलिएनफेल्डांचं. माझ्या शाळेच्या कोटाची
शिंगाची बटणं तिथलीच.

एकदा कॉफी ओतता ओतता म्हणून गेले,
आपली आपण उतू जायला
काच म्हणजे काय दूध आहे?

रागावले नाहीत. टोपी घेतली,
फुल्डाच्या काठाने कुठंतरी गेले,
आणि अकरा दिवस एक पान आलं नाही.
त्यांच्या पत्नी हेल्मा जिन्यात माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

बाराव्या दिवशी आलं. एकच.
'फुटली' खोडून 'फोडली'.
मग 'कुणीतरी' लिहून खोडलेलं,
'त्यांनी' लिहून खोडलेलं,
'पोरांनी' दोनदा.
शेवटी, इतक्या बारीक अक्षरात की भिंग लागलं:
मी. सतरा वर्षांचा. दगड नव्हता, सायकलचा पंप होता.

पाचवी कादंबरी खपली नाही.
खाटकानं उधारी बंद केली.
एका सभेत कुणी विचारलं, आता हे उकरून काय मिळणार?
ते म्हणाले, व्याकरण.
लोक हसले. ते नाही.

त्यांना जाऊन तीन हिवाळे झाले.
'वारले' असं पेपरात आलं, ते बरोबरच आहे,
तिथं कर्ता शोधायला नको.

मशीन अजून माझ्याकडे आहे,
झाकण उघडंच असतं हल्ली.
त्या नोव्हेंबरच्या रात्रीचं माझंही एक वाक्य आहे,
आमच्या घरातल्या, रस्त्याकडच्या खिडकीचं.
पडदा
सरला, लिहू,
की सारला?