गुरुवारचं पाणी

खडकी बाजारात माझं मसाल्याचं कांडप,
भिंतीला भिंत लागून त्यांचं दुकान:
चार टेबलं, लाल प्लास्टिकची स्टुलं, बुटकी,
बालवाडीतून उचलून आणल्यासारखी.
कंपनीतली उंच पोरं गुडघे कानाशी घेऊन बसतात
आणि वाडग्यातून तांदळाच्या शेवया ओढतात.

थाम पहिल्यांदा आली ती बाद्यान न्यायला.
नाव येईना, बोटानं हवेत चांदणी काढली.
मी डबा उघडला.
तिनं डोळे मिटून वास घेतला,
इतका वेळ, की मागच्या गिऱ्हाइकानं घसा खाकरला.
गवती चहा ती रश्श्यात घालते.
म्हटलं घाल बाई, आम्ही सर्दीला देतो.

पोरगी क्वेन, इथल्याच शाळेत सातवीला.
माझ्याशी मराठी, आईशी त्यांचं, गॅसवाल्याशी हिंदी.
बापाचं नाव लोक.
चाकणला साचे करायचा. कंपनी गेली, हा राहिला.
मी हसले होते तेव्हा.
अगं, आमच्यात लोक म्हणजे सगळे,
आणि ते सारखं काहीतरी म्हणत असतात.
हा तर काहीच म्हणत नाही.
आलं नि कांदा जाळावर धरून काळा करत बसतो.
पाच शब्द येतात त्याला:
पाणी, किती, उद्या, बरं, मीठ.

गुरुवारी नळ कोरडा.
माझं निळं पिंप बुधवारीच भरलेलं असतं,
लोक चार बादल्या नेतो.
दिवसभर कोंबडीची हाडं माझ्या पाण्यात उकळतात
आणि भिंतीच्या अलीकडे मी साबुदाणा खाते.
एकवीस वर्षं झाली.
नवस ज्याच्यासाठी, तो पोरगा नाशकात,
त्याला आठवतही नसेल.
उपास सोडला नाही. लोक काय म्हणतील.

मग तो एक गुरुवार. थामला ताप, जिभेला चव नाही.
लोकचा वास तर मागच्या आजारपणातच गेलेला.
क्वेन शाळेत.
लोक माझ्या दारात उभा, हातात पळी,
पळीखाली दुसरा तळहात, सांडू नये म्हणून.
बेडगी कुटणं चालू होतं, हवा लाल.
मी पोटाकडे बोट केलं, मग तसबिरीकडे,
मग बोट हलवलं: नाही.
तो तिथंच.
तळहातावर एक थेंब पडला, चटका बसला असणार,
पळी हलली नाही.
बाकावर दोघी मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बसलेल्या,
समोरून रद्दीवाले दातार बघत होते.

मी मशीन बंद केलं.
प्यायले.
आधी बाद्यान, मग गवती चहा,
मग काहीतरी खारट, समुद्राकडचं,
जे माझ्या एकाही डब्यात नाही.
आणि सगळ्याच्या तळाशी
पिंपातलं पाणी.

बाकावरची एक दुसरीच्या कानाला लागली.
"मीठ?" लोक म्हणाला.
मी चिमूट करून दाखवली, एवढं.
"बरं."