श्वास धरून ठेवा

श्वास घ्या. धरून ठेवा.
मराठीत सांगते, मग तेलुगूत, ऊपिरि पट्टुको,
अक्कलकोटकडचं कुणी असलं तर उसिरु हिडीरी.
एकवीस वर्षं झाली, कामगार दवाखान्याच्या या थंड खोलीत
दिवसाला पन्नास-साठ छात्या थांबवते
आणि सोडा म्हणते.

एकदा वाटलं, विसरलेच.
कोंगारी नरसय्या, जेकार्डच्या मागावर चौतीस वर्षं,
पाटीला हनुवटी टेकवून उभा,
कानशिलाची शीर फुगलेली, तरी हलेना.
धावत गेले. म्हणाला,
बाई, तुम्ही सोडा म्हणलाच न्हाईत.
म्हटलं होतं मी. दोनदा.
धोटा त्याचे कान कधीच घेऊन गेला होता.
तेव्हापासून मी हातानं सांगते,
मूठ वळते, मूठ उघडते.

फोटोत काही दिसत नाही, हेच अवघड आहे.
सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते म्हणतात,
जिना चढताना मधल्या पायरीवर बसतात,
रुमालात कापसाचा बुरा निघतो.
आणि पडद्यावर फुप्फुसं स्वच्छ,
धुतलेल्या टॉवेलासारखी.
मी लिहिते: दोष आढळला नाही.
माझंच अक्षर आहे ते.

हातांचं सोपं असतं. हातात सत्तावीस हाडं.
इलाही नदाफ साखर कारखान्यातून आला,
गव्हाणीत मोळी अडकली, तो वाकला.
मी मोजली: एकवीस.
राहिलेल्या तीन बोटांत मोबाइल धरून
त्यानं मला मुलीचा फोटो दाखवला,
नववीत आहे, म्हणाला, तबला शिकते.
सोबतच्या चिठ्ठीत कारणाच्या रकान्यात
स्वतःचा निष्काळजीपणा.
अशा चिठ्ठ्या मी खूप पाहिल्यात.
कामगार बदलतो, कारखाना बदलतो,
अक्षर त्याच मुकादमाचं वाटतं.

अम्माला मीच आणलं होतं, मानेच्या फोटोसाठी.
पाट उभा केला, तिला म्हटलं, समोर बघ.
तिला समोर बघता येईना.
अकराव्या वर्षापासून मांडीवरच्या सुपात बघत आलीय,
पान, जर्दा, दोरा, पान, जर्दा, दोरा.
शेवटी मीच हनुवटी धरून वर केली
आणि तिचं तोंड इतकं जवळून
कितीतरी वर्षांनी पाहिलं.
रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही.
दुकानदार म्हणतो, आजी, पुसून लावा.
ती पदरानं पुसते, लावते, पुसते, लावते.
रेषा कुठल्या कुठे वळून गेल्या,
पंचवीसच्या कट्ट्यांत, हजाराच्या हिशेबात.

हजारातून मूठभर तरी छाट निघतेच, अम्मा सांगते,
कुणाचा दोरा सैल, कुणाचं पान फाटकं.
आमच्याकडे छाट काढणारे शेजारच्या खोलीत बसतात,
महिन्यातून एकदा, तिघे डॉक्टर, चहा घेत.
टक्के ठरवतात.
करंगळीचे इतके, अंगठ्याचे इतके.
धापेचे किती, ते कुणाला ठरवता येत नाही.

माझ्या खिशाला एक बिल्ला आहे.
दर तीन महिन्यांनी तो दूरच्या प्रयोगशाळेत जातो,
माझ्या अंगातून किती किरण गेले ते सांगायला.
उत्तर येतं: मर्यादेत.
शिशाचा एप्रन घडीवर तडकलाय,
नव्याची मागणी दोन उन्हाळे साहेबांच्या टेबलावर.
पोटावर तडा येऊ नये म्हणून
मी तो जरा तिरका बांधते.

संध्याकाळी घरी गेले की अम्मा ओरडून विचारते,
आज किती?
आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे,
नाना मागावर होते,
शेजाऱ्यांना वाटे रोज भांडण.
नाना गेले, आवाज राहिला.
त्रेपन्न, मी ओरडते. तुझ्या?
सातशे, म्हणते. डोळे दुखले.

रात्री वीज जाते तेव्हा
तिची बोटं झोपेत वळत असतात,
रिकामंच काहीतरी, नीट, कोपरे दुमडून.
मी मूठ वळते, मूठ उघडते.
अंधारात तिला ते दिसत नाही.