दोन हेल्मेटं

पहाटे नुगझारनं उराल सुरू केली,
तिसऱ्या किकला, नेहमीसारखी.
मी मागे. त्याच्या जॅकिटाला लसणाचा वास.

झगारीच्या घाटात गाई रस्त्यावरच रवंथ करत,
हॉर्नला भीक न घालता.
वर वर जाताना कानांना दडे.
खिंडीत झऱ्याशी पाव-चीज खाल्लं,
त्यानं टाकीवरचा चिखल बाहीनं पुसला,
उगाच. पुढेही चिखलच होता.

मेस्तियात गिऱ्हाईक वाट बघत उभं.
त्यानं नोटा दोनदा मोजल्या,
नुगझारनं एकदाही नाही.

परतीच्या मिनीबसमध्ये
मांडीवर एकेक हेल्मेट.
वळण यायच्या आधीच तो झुकायचा,
मग मीही.
शेजारच्या म्हातारीनं पिशवीतून लिंबू काढलं :
‘गाडी लागते का रे तुम्हाला?’