दहापैकी

हेल्यु राउद्किवी, वय एकाहत्तर,
डावा गुडघा सप्टेंबरपासून धातूचा.
मी तिच्या मांडीवर, पोटरीवर, घोट्यावर
वाटाण्याएवढे चकचकीत गोळे चिकटवतो.
"नाताळचं झाड करतोयस माझं," ती म्हणते, दर खेपेला.
आठ कॅमेरे. दहा मीटर वाट.
मधोमध जमिनीत पुरलेली एक पाटी,
जिला कळतं, कोण कुठल्या पायावर किती विसंबतं.

"चाला" म्हटलं की कुणीच स्वतःसारखं चालत नाही.
म्हणून पहिल्या तीन फेऱ्या मी टाकून देतो.

पडद्यावर तिची काड्यांची बाहुली :
डावं पाऊल घाईने उचललं जातं, जणू फरशी तापलीय.
गुडघा वाकायला हवा साठ अंश, वाकतो पंचेचाळीस.
भार अजून त्या बिचाऱ्या जुन्या उजव्यावर.
मी लिहितो : असमान.
आणि शेवटी, नियमाप्रमाणे,
समाधान किती, दहापैकी?

"दहा."
मी मान वर करतो.
"तळघराला पंधरा पायऱ्या.
दोन हिवाळे शेजारचा पोरगा बटाटे आणून द्यायचा,
मोजून द्यायचा.
आता मी उतरते. अंधारात चाचपून
मला हवे ते घेते.
दहा लिही."

दुपारी एंडेल. वनखात्यात होता, झाडं मोजायचा.
त्याचा आलेख इतका देखणा
की विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलाय मी.
टाच, तळवा, चवडा,
दोन्ही पाय एकमेकांची नक्कल.
"चार," तो म्हणतो.
दुखतं? नाही. अडतं? नाही. झोप? लागते.
उजवा मोजा चढवतो,
डावा बराच वेळ हातातच.
"कुत्री गेली नोव्हेंबरात. मी तेव्हा वॉकरवर.
आता रोज निघतो पाय मोकळे करायला.
फाटकापर्यंत जातो."

अहवालात 'इतर' नावाचा रकाना आहे,
त्यात दीड ओळ मावते.

सहाला गोळे मोजले, एक कमी.
टेबलाखाली नाही, केराच्या डब्यात नाही.
गाडी सुरू केली, दिवे लावले,
आणि बसथांब्यापाशी, घोट्याच्या उंचीवर,
एक पांढरा ठिपका लखलखला.
बस आली, थांबली, गेली.
ठिपका तिथेच.
मग हलला. नदीकडे,
जिथे बर्फ फुटायला लागलाय.
मी इंजिन बंद केलं नाही, हॉर्नही दिला नाही.