धुराचं वजन

होर्ताच्या बंदरावर, काकाच्या मासळीच्या दुकानावरची खोली.
ऑर्लांदा रकाने पाडते आहे:
कुठून, कुठे, कशाने.
विमान, बोट, मोटार, आगगाडी.
आगगाडी सवयीने टाकली,
मग आठवलं, या बेटावर रूळच नाहीत.
राहू दे.

गास्पारकाका वर येतो, हाताला बांगड्यांचा वास,
पडद्याला बोट लावून विचारतो,
"तीनशे बारा किलो? काय?"
"धूर. लिस्बनला जाऊन येऊन, माणशी."
"आणि तो कुठल्या पारड्यात घातलास?"
त्याच्या स्वतःच्या तागडीला पासंग आहे, गावाला ठाऊक आहे,
पण आत्ता तो हसत नाहीये.

ती समजावते: इंधन, अंतर, भागिले खुर्च्या.
तो ऐकतो. मग म्हणतो,
"तुझ्या काकूच्या फेऱ्या धरल्यास?"

किरणांसाठीच्या सहा.
सहाव्या वेळी परतताना तिने खिडकी मागून घेतली होती.

ऑर्लांदाने त्या धरल्या नव्हत्या.
आता भरते. एकेक तारीख तो सांगतो, न अडखळता.
खांब चढतो, लाल होतो,
आणि खाली तिचंच वाक्य उमटतं:
पुढच्या वेळी हा प्रवास टाळता येईल का?

काका चष्मा पुसतो, पुन्हा वाचतो.
"गिऱ्हाईक आलंय," म्हणतो,
आणि जिना उतरतो. खाली कुणीच नसतं.

ती वाक्य खोडते.
दुसरं लिहिते, तेही खोडते.
आकडे मात्र ठेवते, सहाच्या सहा.

समोरच्या पिकू बेटाकडे साडेपाचची बोट निघते,
मागे काळपट रेघ.
तिची नोंद अजून
व्हायची आहे.